अनुभव धागा: रान तुमचं कोण लागतं?

चतुर्थी जवळ आली. गोव्यातल्या आमच्या घरात गणपतीवरच्या माटोळीची बोलणी सुरू झाली, त्यावरून सुचलं. झाड, नदी, जनावर यांना तुमच्या घरी कुठल्या नात्यानं हाक मारतात? आणि त्या नात्यापायी कधी पदरचं काही सोडलंत का? प्रवचन नको मंडळी, घडलेलं लिहा.

वाळपईकर
माझ्यापासूनच. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, घागऱ्या, सुपारीचे घोस बांधायचे, ही आमची माटोळी. आज्जी मला घेऊन रानात जायची. कवंडळाच्या वेलावर चार फळं असली तर दोनच काढायची. मी हट्ट केला की म्हणायची, "उरलेली त्याची. तो आपल्याला देतो, आपण त्याला उपाशी ठेवायचं?" आता मी म्हापशाच्या बाजारातून जुडी आणतो. भाव करतो, घासाघीस करतो. त्या वेलाला किती ठेवली हे विकणाऱ्या मावशीला मी आजवर विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटते.

पेडण्याची सून
सासरी सातेरी, म्हणजे गावची देवी, ती वारूळच. मूर्ती नाही, तांबड्या मातीचा ढिगारा, त्यालाच साडी. आमच्या परड्यातही एक छोटं वारूळ आहे. कुंपणाची भिंत बरोबर त्यावरून जात होती. कंत्राटदार म्हणाला, दहा मिनिटांचं काम. सासूबाई म्हणाल्या, "ती आधीची, आपण मागून आलो." भिंत वळवली. हातभर जमीन गेली, शेजाऱ्याने हसून घेतलं.

सत्तरीतला एक
आमच्याकडे वाघ्रोदेव आहे, दगडात कोरलेला वाघ. त्याला नारळ ठेवतात. आणि २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. नारळ आणि विष, दोन्ही याच तालुक्यात. यावर मला काही सुचत नाही.

गोठेवाला (वरच्यांना)
भाऊ, मारलं ते वाईटच. पण दुभती म्हैस गेली की त्या घराचं काय होतं ते एकदा बघा. भरपाई वेळेवर हातात पडली तर देवाला देव म्हणणं सोपं जातं. पणजीत बसून वाघाला मामा म्हणायला काय लागतं?

दिवाडी
आमची खाजन शेती, खाडीकाठी बांध घालून राखलेली. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. रात्री तो आवाज आला की आई झोपेतच म्हणायची, "न्हंय आयली." म्हणजे नदी आली, पाहुणी आल्यासारखं. गेल्या पावसात बांधाला खांड पडली, बांध फुटला. गावच्या ग्रुपवर फोटो पटापट आले, हात जोडलेलेही बरेच. चिखल टाकायला आम्ही सातजण होतो, त्यातले दोघे साठीच्या पुढचे.