एकच कुकर, चार ताटं: घरच्या जेवणाच्या कॅलरी मोजायच्या कशा?

(ही एका धाग्यावरची चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताकभात
घरात माणसं चार, कुकर एक, पातेली दोन. त्यातल्या एकाच माणसाला दिवसाच्या १६०० कॅलरींत बसवायचं आहे. वेगळा स्वयंपाक होणार नाही, हे आधीच सांगते. अडचण अशी की अ‍ॅपमध्ये ‘ज्वारीची भाकरी, १ नग’ शोधलं की ८० पासून २३० पर्यंत काहीही आकडा येतो. ‘१ वाटी वरण’ म्हणजे कुठली वाटी? आमटीची, की श्रीखंडाची? शिवाय हातात आलेल्या आहारतक्त्यात किनोआ, चिया आणि अ‍ॅव्होकाडो आहे. ते आणायलाच हवं का? घरातल्या ज्येष्ठांचं मत, ‘मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही.’ लागू नये म्हणूनच तर मोजायचंय!

तोळामासा
‘नग’ आणि ‘वाटी’ दोन्ही विसरा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत तोलणारा डिजिटल काटा घ्या. सगळा हिशोब कच्च्या, कोरड्या वजनावर करायचा, कारण पाण्याला कॅलरी नसतात आणि शिजवताना बदलतं ते मुख्यतः पाणी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते प्रमाण धरा. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे; ४.१८४ ने भागलं की आपल्या बोलीतल्या कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी) मिळतात. १०० ग्रॅमला साधारण असे आकडे येतात: तांदूळ ३५६, कणीक ३२०, ज्वारी ३३४, बाजरी ३४८, तूरडाळ ३३१, शेंगदाणे ५२०, गूळ ३५४. तेल सरळ ९०० धरा.

आता पातेल्याचं. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून वहीत लिहून ठेवा. (भांड्यावर नाव घालून देणारा सापडला तर वजनही घालून घ्या, कायमचं काम.) आत जाईल ते कच्चं तोलून कॅलरींची बेरीज करा. शिजल्यावर पातेल्यासकट तोला आणि पातेलं वजा करा. एकूण कॅलरींना या शिजलेल्या वजनाने भागलं की एका ग्रॅमचा भाव निघतो. मग ताट काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि वाढायचं.

उदाहरणार्थ, २०० ग्रॅम तांदूळ म्हणजे ७१२ कॅलरी. भात भरला ५६० ग्रॅम. एका ग्रॅमला १.२७. ताटात १५० ग्रॅम भात म्हणजे १९०. हाच १५० ग्रॅम भात अ‍ॅपमधल्या ‘तांदूळ, कच्चा’ या नोंदीत टाकला की ५३४ दिसतात आणि माणूस रात्री उपाशी झोपतो. अ‍ॅपमधली सगळ्यात मोठी गफलत हीच. पोह्यांचंही तेच: भिजवण्याआधी तोला.

भाकरीसाठी पीठ आणि पाणी दोन्ही तोला. ५०० ग्रॅम पिठात ४८० ग्रॅम पाणी गेलं तर उंड्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ०.५१ ग्रॅम पीठ आहे. ११५ ग्रॅमचा उंडा म्हणजे जवळपास ५९ ग्रॅम पीठ, थापतानाची पिठी ३-४ ग्रॅम, सगळं मिळून २१० कॅलरी. भाजलेली भाकरी तोलून उपयोग नाही; तव्यावर किती पाणी उडालं ते रोज वेगळं.

पाटावरवंटा
वर दिलेली रीत बिनचूक आहे, पण चुका धान्यात होत नाहीत. भाकरीचं पीठ १० ग्रॅमने जास्त झालं तर ३३ कॅलरींचा फरक. तेलाची पळी जराशी कलती झाली तर तेवढ्याच एका झटक्यात ९० वाढतात, आणि ते कुणी लिहीत नाही.

आधी फोडणीची पळी मोजा. काट्यावर वाटी ठेवून शून्य करा, पळीभर पाणी ओता. जितके ग्रॅम तितके मिलीलीटर, ०.९२ ने गुणलं की पळीत तेल किती ग्रॅम मावतं ते कळलं. चहाचा चमचा ५ मिलीचा धरला तर ४१ कॅलरी होतात. पोह्याचा चमचा जवळपास दुप्पट, आणि घरोघरी वेगळा. अ‍ॅपमधला ‘टेबलस्पून’ १५ मिलीचा असतो, तो आपल्या कुठल्याच चमच्याशी जुळत नाही. त्याहून सोपं म्हणजे तेलाची बाटलीच स्वयंपाकाआधी आणि नंतर तोलायची. फरक म्हणजे वापरलेलं तेल.

मग कूट. काकडीच्या कोशिंबिरीत कॅलरी काकडीच्या नसतातच. २० ग्रॅम कुटाच्या १०४ आणि वरच्या फोडणीच्या ४०. ‘नुसती कोशिंबीर खाल्ली’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. ओलं खोबरं १०० ग्रॅमला ३५० ते ४००, सुकं ६०० च्या वर. म्हणून एकाच मुठीच्या दोन वाटणांत एवढं अंतर पडतं.

घडीच्या पोळीत कणीक ३५ ग्रॅम असेल तर ११२. घडीत लावलेलं आणि वरून फिरवलेलं तेल ३ ग्रॅम धरलं तर आणखी २७. फुलका केला की तेवढे वाचतात, पण वर तुपाची धार सोडली तर हिशोब पुन्हा जागच्या जागी.

उपासाचं तर विचारूच नका. साबुदाणा ८० ग्रॅम (कोरडा, भिजवलेला नव्हे) २८०, कूट ३० ग्रॅम १५६, तूप १२ ग्रॅम १०८, बटाटा ५० ग्रॅम ३५. झाले ५७९, आणि त्यातली प्रथिनं जवळजवळ सगळी कुटातून. साबुदाण्यात नावालाही नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणीतरी काट्यावर तोलूनच केली असावी.

ताकभात
तळणाचं काय? सणाला पुऱ्या होणारच. आणि चहा?

पाटावरवंटा
कढई तेलासकट आधी तोला. तळून झाल्यावर तेल पूर्ण निवू द्या, तळाचा गाळ काढा आणि पुन्हा तोला. जो फरक येईल त्याला पुऱ्यांच्या संख्येने भागा. गाळ राहिला तर तेल कमी प्यायल्याचं खोटंच दिसेल. तेल नीट तापलं नसेल किंवा कणीक सैल असेल तर पुरी जास्त पिते.

चहात दुधाची पिशवी बघा. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट, १०० मिलीला ५८ च्या आसपास. फुल क्रीममध्ये ६ टक्के, म्हणजे ८७. साखर चमच्याला २०. दोन चमचेवाला, फुल क्रीमचा, दिवसातून चार कप, प्रत्येकात १०० मिली दूध: ५०० च्या वर. दोन भाकऱ्या जास्त पिऊन मोकळे. गुळाचा चहा केल्याने काही वाचत नाही, तेही सांगून टाकते.

जाडंभरडं
किनोआबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यांत किनोआ ३२८ कॅलरी, प्रथिनं १३ ग्रॅम. राजगिरा ३५६, प्रथिनं तेवढीच. ज्वारी ३३४, प्रथिनं १०. म्हणजे किनोआने वजन उतरतं ही समजूत काढून टाका. कोरड्या वजनाला तो ज्वारीएवढाच. गंमत म्हणजे राजगिरा आणि किनोआ एकाच कुळातले, दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. एक उपासाला चालू लागला, दुसरा अजून मॉलमध्ये उभा आहे.

आणलाच असेल तर चार पाण्यांनी चोळून धुवा. दाण्यावर सॅपोनिन या कडू द्रव्याचा थर असतो, धुताना फेस येतो तो त्याचाच. न धुता शिजवला की कडू लागतो आणि घरचे एका घासात नापास करतात. एकाला दोन पाणी, मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग झाकून दहा.

चियाऐवजी सब्जा चालेल का, असं नेहमी विचारलं जातं. दोन्ही वेगळ्या झाडांची बियाणी, दोन्ही भिजून फुगतात, सब्जा जास्त लवकर. पण दोन्ही चमच्याने मोजायच्या वस्तू आहेत, पोटभर खायच्या नव्हेत. अ‍ॅव्होकाडो १०० ग्रॅमला १६० कॅलरी, त्यात स्निग्धांश १५ ग्रॅम. वाईट काही नाही, पण ते फळ म्हणून नाही, तेलाच्या खात्यात लिहा. आहारतक्ता देणाऱ्यांना विचारा: किनोआच्या जागी ज्वारी, अ‍ॅव्होकाडोच्या जागी मोजून शेंगदाणे, चालेल का? बहुतेक वेळा चालतं, कुणी विचारत नाही एवढंच.

कॅल्शियमसाठी काही हवं असेल तर नाचणी: १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम. मात्र २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून प्रत्येक बिस्किटावर नाचणीचं कणीस छापलेलं दिसतं. पुडा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि नाचणी चौथी असेल तर ते मैद्याचंच बिस्किट.

मापात पाप
दोन गोष्टी राहिल्या.

पुड्यावरच्या टक्केवारीचा आधार २००० कॅलरींचा असतो. १६०० वाल्याने ती टक्केवारी सव्वापट वाचायची. आणि ‘प्रति सर्व्हिंग’ किती ग्रॅमचं धरलंय ते आधी बघा. चिवड्याचं सर्व्हिंग ३० ग्रॅम लिहिलेलं असेल तर आकडे तेवढ्याचेच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हा माणूस इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असेल तर जेवण अचानक कमी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन घेणाऱ्याला कॅलरींपेक्षा कर्बोदकांचा आकडा लागतो: ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅम, ६० ग्रॅम तांदळाच्या भातात ४७. वाढत्या वयाच्या मुलांच्या, गरोदर बाईच्या ताटाखाली काटा ठेवू नये. ज्याला आकडा चुकला की जेवणच नको होतं त्याच्याही नको.

वजन रोज सकाळी करा, पण बघा आठवड्याची सरासरी. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं की मिठाबरोबर पाणी साठतं, काटा पाऊण-एक किलो वर जातो. ती चरबी नव्हे.

ताकभात
सगळ्यांचे आभार. आजची आमटी करून बघितली. तूरडाळ १५० ग्रॅम ४९७, तेल २० ग्रॅम १८०, गूळ १० ग्रॅम ३५. एकूण ७१२. पातेल्यासकट १६४०, पातेलं ४६०, म्हणजे आमटी ११८०. एका ग्रॅमला ०.६०. १६० ग्रॅमच्या वाटीला ९७. बरोबर?

तोळामासा
गणित बरोबर. तोलताना डाव पातेल्यातच होता का? असेल तर ८० ग्रॅम वजा करा. वाटी १०४ ची होईल. सात कॅलरींसाठी पुन्हा तोलायला जाऊ नका.

पाटावरवंटा
डावाचं राहू द्या. वाढायच्या आधी वरून लसणाची फोडणी घातली असेल, तिचं तेल या २० ग्रॅममध्ये धरलंय का?

ताकभात
नाही धरलं.