हॅवलॉक स्कूबा: कान, मास्क आणि परतीचं विमान
एकाने विचारलंय की दुपारच्या विमानाआधी सकाळी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) स्कूबा, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, उरकता येईल का. नको! एका डाइव्हनंतर (बुडीनंतर) किमान 12 तास, अनेक केल्या तर 18 तास विमान टाळायचं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन, वर हवेचा दाब घटला की बुडबुडे धरतो. स्कूबा सहलीच्या सुरुवातीलाच ठेवा.

खाली उतरताना पाण्याच्या दाबाने कान दुखायची वाट बघू नका. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला. पहिल्या पाच मीटरांत सगळ्यात जास्त गरज. कानातला दाब सुटला नाही तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह रद्दच. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही.

मास्कमध्ये पाणी शिरतं ते बहुतेकदा मिशांमुळे (मिशीवाल्यांनो, थोडं व्हॅसलिन!) किंवा कडेखाली अडकलेल्या केसांमुळे. पट्टा आवळला तर कड दुमडून गळती वाढतेच.