पहाटेच्या रियाजाला अंगात जोर राहत नाही, खाण्यात काय बदलू?

खर्जवेडी (पुणे):
नमस्कार मंडळी. मी शास्त्रीय गायन शिकते, यंदा विशारदच्या परीक्षेला बसायचंय. नोकरी हिंजवडीला, राहायला कोथरूडला. घरी पोचेपर्यंत साडेआठ, जेवायला दहा आणि जेवलं की लगेच आडवी. पहाटे साडेपाचला तानपुरा लावते. खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, लावताना घशाशी काहीतरी चिकटल्यासारखं होतं, सारखं खाकरावं लागतं. अर्ध्या तासात डोकं जड होतं. विलंबितात (संथ लयीत) बढत, म्हणजे रागाचा विस्तार, सुचत नाही, तेच तेच आलाप येतात. गुरुजींना वाटतं माझं मन लागत नाही. मन लागतंय हो! पूर्ण शाकाहारी आहे. दिवसभरात पाच-सहा चहा होतात, त्यातले दोन जेवणाला लागूनच. ज्येष्ठमध, हळद-दूध सगळं करून झालंय. आवाजासाठी नेमकं काय खावं?

मिरजेची मावशी:
अगं पोरी, काय खावं याच्या आधी कधी खातेस ते बघ. दहाला जेवून लगेच पाठ टेकली की पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, त्यामुळे कळतही नाही. सकाळी जो कफ वाटतो तो पुष्कळदा याचाच असतो. आणि खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, मग आणखी खाकरावंसं वाटतं. त्यापेक्षा घोटभर कोमट पाणी पी. संध्याकाळचा दुसरा डबा ने. सातला ऑफिसातच भाकरी-भाजी खा आणि घरी आल्यावर वाटीभर मुगाचं कढण घे, बास. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेतच.

आता सुचण्याचं. माझ्याकडे एक मुलगी शिकायची, गळा गोड, तयारी चांगली. पण मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना शेवटचं अक्षर गिळायची. तालाची दोन आवर्तनं नीट जायची, तिसऱ्याला पुन्हा तेच. सगळे म्हणायचे, लयीला कच्ची आहे. मी टाळी देत तिच्याकडे बघत बसले, तर समेच्या आधी दोन मात्रा तिचे खांदे वर जायचे. लय पक्की होती, दमच संपत होता. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आईनं अळिवाचे लाडू सुरू केले, आमटीवर लिंबू पिळायला लागली, जेवणाबरोबरचा चहा बंद. तीन-चार महिन्यांनी तीच मुलगी मारवा राग घेऊन बसली आणि कोमल रिषभावर इतकी निवांत थांबली की मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. थकलेलं माणूस पाठ झालेल्या वाटेनंच जातं गं. नवी जागा सुचायला थांबावं लागतं आणि थांबायला श्वास लागतो. गुरुजींना हे मोकळेपणानं सांग.

डॉ. गोदाकाठ:
मावशींशी सहमत. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन कमी असू शकतं आणि त्यानंही थकवा येतो. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ दूध-दह्यातूनच काय मिळेल ते, बऱ्याचदा ते पुरत नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या. गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू बघून घ्या.

धा_तिरकिट:
झोपेचं कुणी बोललं नाही. ताई, साडेपाचला उठून बसायचं तर झोपता किती वाजता? मी तबला वाजवतो. रात्री हातात न बसलेला कायदा (तबल्याच्या बोलांची रचना) नीट झोप झाली की सकाळी बराच मोकळा होतो, कारण शिकलेल्या हालचाली मेंदू झोपेत पक्क्या करतो. संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं. तीननंतर चहा बंद करा. आणि झोप पुरत नसेल तर रियाज सातला करा, काही बिघडत नाही.

मिरजेची मावशी:
बाकीचा रियाज सातला चालेल, पण खर्ज पहाटेच हवा, घरात वर्दळ सुरू व्हायच्या आत. त्यापेक्षा रात्री तासभर लवकर झोप.

खर्जवेडी (पुणे):
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी तपासणीसाठी रक्त देऊन येते. एकच अडचण आहे. सासूबाई माझ्यासाठी दहापर्यंत जेवायच्या थांबतात. मी बाहेर जेवले तर त्यांना एकटीनं जेवावं लागेल.

मिरजेची मावशी:
त्यांना कारण सांग, त्याही आठला जेवतील, त्यांच्या वयाला तेच बरं. तू आल्यावर कढण दोघी मिळून घ्या. तपासणीचे आकडे डॉक्टरांना दाखवलेस की इथे टाक. गोळ्यांबरोबर अळीव किती चालतील ते त्यांनाच विचार, लाडवाची कृती मी लिहिते.