टिपणं आपण काढायची की काढून घ्यायची?

रुमालबहाद्दर

मंडळी, स्वतःच्या फजितीनेच सुरुवात करतो.

नोकरी सांभाळून चार वर्षं पेशवाईतल्या पुण्याच्या पाण्यावर काम करतोय. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून आणलेला नळ, त्यावरचे हौद, उच्छ्वास (नळातली हवा सोडणारे मनोरे), डागडुजी, खर्च. टिपणं तीन ठिकाणी विखुरलेली: पाच वह्या, झोटेरो (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) आणि फोनमधले फोटो. दिवाळीच्या सुट्टीत वह्या स्कॅन केल्या, चाळीसेक पीडीएफ जोडल्या आणि सगळा ऐवज एका एआयवाल्या सोयीत ओतला. नाव मुद्दाम देत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी.

विचारलं, कोणत्या हौदांच्या दुरुस्तीचे उल्लेख आहेत? सात ओळींचं सुरेख उत्तर आलं. प्रत्येक वाक्यामागे संदर्भाचा आकडा. त्यातलं एक वाक्य होतं, ‘दुरुस्त झालेला हौद नाना वाड्याजवळचा होता.’ मी ते उचललं आणि प्रकरणात घातलं. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने गोल करून शेजारी लिहिलं, ‘पुरावा?’ घरी येऊन आकड्यावर टिचकी मारली, तर उघडली माझीच वही, पान ४१. तिथे माझ्याच अक्षरात: ‘हा हौद नाना वाड्याजवळचा असेल का? तपासणे.’

प्रश्नचिन्ह गेलं, ‘तपासणे’ गेलं आणि माझीच शंका संदर्भासहित पुरावा होऊन माझ्याकडे परत आली.

म्हणून माझं मत असं झालंय की शोधायला यंत्र वापरा, टिपणं त्याच्याकडून काढून घेऊ नका. स्वतः टिपण काढताना मी काय सोडलं ते मला ठाऊक असतं. यंत्राने काय सोडलं ते कळायला मूळ कागद पुन्हा वाचावा लागतो. मग वाचला तो वेळ कुठला?

हिवाळी पाखरू

रुमालराव, फजितीबद्दल सहानुभूती, मताशी साफ असहमत.

तुमचे कागद चाळीस. माझ्या झोटेरोत अठराशे पेपर आहेत. विषय मातीतले सूक्ष्मजीव, मुक्काम जर्मनी. स्वतःच्या हाताने काढलेली टिपणं नऊ वर्षांची आहेत आणि खरं सांगू का, त्यातली निम्मी मी परत उघडलेलीच नव्हती. गेल्या मार्चमध्ये एका प्रयोगात आम्लता वाढली की एक गट गायब व्हायचा. हे कुठेतरी वाचलंय एवढंच आठवत होतं. लेखक आठवेना, साल आठवेना, शब्दही आठवेना. नेहमीच्या शोधात शब्द माहीत असावा लागतो. इथे मी मराठीत मोघम वर्णन केलं आणि सहा वर्षांपूर्वीचं माझंच इंग्रजी टिपण समोर आलं. ते हाताने लिहिलं होतं म्हणून मला सापडलं नाही. यंत्राने वाचलं म्हणून सापडलं.

इथून जवळच बिलेफेल्डला निक्लास लुमान नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांत लावल्या. प्रत्येकीवर क्रमांक, एकीवरून दुसरीकडे जायची खूण. त्या खणांना ते आपला संवादातला जोडीदार समजत. १९८१ साली त्यावर लेखही लिहिला. त्यांच्या चिठ्ठ्या त्यांना उत्तर देत होत्या तर आपण वाहवा करतो आणि माझ्या पीडीएफने उत्तर दिलं तर नाक मुरडतो. हा कुठला न्याय?

अर्धशिशी

पाखरूताई, लुमान यांच्या नव्वद हजारांतली एकेक चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली होती. जोडीदार बोलत होता ते त्यांनीच शिकवलेलं.

मी पीएचडीचे विद्यार्थी सांभाळतो. यंदा सहा जणांनी पूर्वसंशोधनाचा आढावा आणून दिला. सहाही आढाव्यांत तोच संथ, गुळगुळीत सूर. कुणाचंही कुणाशी भांडण नाही. ज्या दोन अभ्यासकांनी वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ते एकाच परिच्छेदात ‘दोघांनीही महत्त्वाचं योगदान दिले आहे’ म्हणून शेजारी बसवलेले. आता मी आढावा मागतच नाही, वाचनाची वही मागतो. एकाने वहीसुद्धा छापून आणली.

टर्मिनल तात्या

छापून आणली! साष्टांग दंडवत.

बाकी रुमालरावांचा घोळ यंत्राचा कमी आणि फाइलींच्या मांडणीचा जास्त वाटतो. मूळ स्रोत आणि स्वतःचं म्हणणं एकाच ढिगात टाकलंत तर यंत्र काय, नवा कारकूनही फसेल. माझं सगळं ऑब्सिडियन नावाच्या टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. लेखकाचं वाक्य अवतरणात, पान क्रमांकासह. माझं वाक्य ‘मी:’ ने सुरू. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी फाइली माझ्या डिस्कवर शाबूत.

रुमालबहाद्दर

तात्या, हे मान्य. पण चार वर्षांपूर्वी वहीत लिहिताना मला कुठे माहीत होतं की वाचणारा मी नसणार? ‘तपासणे’ हा शब्द मी माझ्यासाठी लिहिला होता. मला तो वाचला की पोटात खड्डा पडतो. यंत्राला पोटच नाही.

मोडीमोडका

धागा आमच्या अंगणात आलाय म्हणून तोंड घालतो. मोडी लावणाऱ्याची टिपणं म्हणजे काय प्रकरण असतं ते एकदा जवळून बघा.

मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, इकार-उकारात ऱ्हस्वदीर्घ नसतो. ते कसंबसं लागलं की पुढे तारीख. पत्रावर असतं ‘सलास सबैन मया व अलफ’. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झालं ११७३. हे साल सुहूर सनाचं, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचं. मृगाला पालटतं, त्यामुळे जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत असेल तर ६००. म्हणजे इसवी सन १७७२-७३. मी गंमत म्हणून एका चॅटवाल्या यंत्राला हे दिलं. आकडा बरोबर काढला, ११७३. मग शांतपणे त्याला हिजरी धरलं आणि १७५९-६० सांगून मोकळं झालं. तेरा वर्षांचा फरक आणि मधे पानिपत! नारायणरावांच्या वेळचं पत्र नानासाहेबांच्या हातात.

त्याच पत्रातल्या तारखेआधीच्या ‘छ’ला (म्हणजे चंद्र) त्याने ‘छत्रपती’ केलं ते वेगळंच.

चूक कुणाकडूनही होते. पण नवशिका चुकतो तेव्हा त्याच्या टिपणात खाडाखोड दिसते, बेरीज दिसते, कुठे घसरला ते कळतं. इथे घसरल्याची खूण नाही. नुसतं स्वच्छ ‘१७५९-६०’.

हिवाळी पाखरू

मोडकाजी, प्रतिसाद फार आवडला. पण हे उदाहरण टिपणांबद्दल नाही, ज्ञानाबद्दल आहे. तुम्ही त्याला परीक्षेला बसवलंत. मी माझ्याच कागदांत शोधायला सांगते. नोटबुकएलएमसारखी सोय तुम्ही दिलेल्या स्रोतांवर बेतून उत्तर देते आणि कुठून घेतलं ते दाखवते. रुमालरावांनाही आकडा मिळालाच होता की. टिचकी मारायचा आळस कुणाचा?

रुमालबहाद्दर

माझा. शंभर टक्के माझा. पण आकडा दिसला म्हणूनच आळस आला, हेही लिहून ठेवतो. आकडा नसता तर मी तपासलं असतं.

काठावरचा बगळा

+१. खाली तळटीप दिसली की आपण वर डोळे मिटतो.

वऱ्हाडी ठेचा

तुमचे पेशवे आणि सूक्ष्मजीव काही तक्रार करत नाहीत. माझ्या टिपणांत जिवंत बाया आहेत.

गावोगावच्या आशा सेविकांच्या मुलाखती घेते. बत्तीस मुलाखती, एकेक तास-दीड तासाची. हाताने उतरवायला एका तासाला सहा तास लागतात, म्हणून मैत्रिणीच्या सल्ल्याने एक नमुना एका फुकटच्या एआय सोयीला दिला. (नमुना माझ्याच आवाजातला, आधीच सांगते.) मी विचारलं होतं, ‘काहून जात नाही दवाखान्यात?’ कागदावर आलं, ‘कानून जात नाही दवाखान्यात.’ दोन मिनिटं हसले. मग लक्षात आलं की जिथे जिथे ‘मले’, ‘तुले’ होतं तिथे तिथे ‘मला’, ‘तुला’ झालंय. एका वाक्यात मी चिडून हिंदीवर गेले होते, तेही सभ्य मराठीत आलं. कुठे भाषा बदलते, कुठे आवाज खाली जातो, हाच तर माझा अभ्यास. तेच इस्त्री होऊन आलं.

आणि संमतीपत्रावर मी लिहून दिलंय की रेकॉर्डिंग माझ्याजवळच राहील. ‘माझ्याजवळ’ म्हणजे कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर, हे त्या बाईला मी काय सांगू? तिच्या सुपरवायझरचं नाव आहे त्यात.

टर्मिनल तात्या

ठेचाताई, संमतीचा मुद्दा बिनतोड. पण त्यावर उपाय आहे: स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारी मॉडेलं. इंटरनेट काढून टाका, काही बाहेर जात नाही.

वऱ्हाडी ठेचा

तात्या, माझा लॅपटॉप २०१७ चा आहे. सोळा टॅब उघडले तर पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो.

अर्धशिशी

डेक्कन कॉलेजात एक खोली आहे, पुण्यातल्या लोकांनी जाऊन बघावी. १९४८ साली एस. एम. कत्रे यांनी तिथे संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या काढल्या. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचं नाव, स्थळ. चिठ्ठी लिहिणारी माणसं गेली, चिठ्ठी बोलतेय. कारण ‘हे कुठून घेतलं’ हे चिठ्ठीपासून वेगळं करताच येत नाही. पाखरूताईंच्या सोयीत ते टिचकीपलीकडे असतं. मला एवढाच फरक दिसतो आणि तो मोठा आहे.

हिवाळी पाखरू

सर, त्याच कोशाचा पहिला खंड निघाला १९७६ साली. आणि इतकी दशकं उलटली तरी छापील भाग ‘अ’च्या घरातच आहेत. ते काम थोरच, पण माझी फेलोशिप दोन वर्षांची आहे.

हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं असं आता कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगते. तो २०१४ चा गाजलेला अमेरिकी प्रयोग, वही विरुद्ध लॅपटॉप, नंतर इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नव्हता. भक्तिभावाने त्याचा हवाला देऊ नये.

मोडीमोडका

नाही देत. मी हाताने लिहितो कारण मोडीचं वळण हातालाच कळतं. दोनदा गिरवलं की तिसऱ्यांदा ‘हा तर खजिन्यातला तोच कारकून’ असं ओळखू येतं. ते वळण मी टिपणात काढून ठेवतो, आणि शब्दांत ते येत नाही. तुमच्या जिवाणूंना वळण असतं की नाही, कल्पना नाही.

हिवाळी पाखरू

असतं हो! सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्र काढायची सवय होती आमच्या बाईंना. मी ती सोडली. (हा मुद्दा तुमच्या खात्यात. एकच.)

रुमालबहाद्दर

सध्यापुरतं असं ठरवलंय. यंत्राला फक्त मूळ कागद द्यायचे. माझ्या वह्या, शंका, ‘तपासणे’, सगळं बाहेर. यंत्राने कुठे काय आहे ते दाखवायचं, वाक्य मी लिहायचं.

हिवाळी पाखरू

म्हणजे तुमच्या ढिगातली सर्वांत हुशार गोष्ट, तुमच्या चार वर्षांच्या शंका, त्याच बाहेर ठेवणार. मला तर त्याच परत हव्या असतात.

काठावरचा बगळा

ते सगळं ठीक. पण तो हौद नाना वाड्याजवळचा होता की नाही?

रुमालबहाद्दर

सोमवारी रुमाल (जुन्या कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा) मागवलाय. तपासणे.