मदत हवी आहे: उभ्या गाडीची बॅटरी उतरते, सगळे फ्यूज काढून बघितले तरी करंट कुठे जातोय कळेना

मंडळी, गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत मावणारा चार्ज) बॅटरी. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे गाडी आठवडाभर बेसमेंटमध्ये उभीच असते आणि शनिवारी पहाटे साताऱ्याला आईकडे जायला निघालो की सेल्फ नुसता टक् टक् करतो. एखाद-दोन दिवस उभी राहिली तर कण्हत कुथत का होईना चालू होते, तीन-चार दिवस झाले की मेली. रोज चालवली तर काही म्हणजे काही तक्रार नाही. आणि पार्किंगमध्ये गाडीचं तोंड भिंतीकडे असल्याने जंपर केबल पुरवायची म्हणजे शेजारच्या काकांना उठवून त्यांची गाडी काढायला लावायची, त्यामुळे आता काका मला बघून रस्ता बदलायला लागलेत.

बॅटरीच खराब असेल असं कुणी लिहिण्याआधी सांगतो, बॅटरी नवी आहे, दिवाळीच्या आधी टाकलीये. दुकानात नेऊन लोड टेस्टही करून आणली, ठणठणीत आहे. फुल चार्ज करून टर्मिनल काढून ठेवली तर आठवड्याने पण १२.६ व्होल्ट दाखवते. म्हणजे खाणारं गाडीतच कुणीतरी आहे.

गॅरेजवाल्याने चालू गाडीवर मीटर लावला, १४.१ व्होल्ट आले, म्हणाला चार्जिंग एकदम ओके, अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) विषय सोडा, तुमचा स्टिरिओ करंट खातोय. स्टिरिओवाला म्हणतो आमचं काम क्लीन आहे, गॅरेजवाल्याला विचारा. दोघांच्या मध्ये मी.

बाहेरून बसवलेल्या गोष्टी: अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम (लायटर सॉकेटमधून, किल्ली काढली की बंद होतो) आणि आधीच्या मालकाने लावलेला ट्रकला शोभेल असा हॉर्न, त्याची रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) बॅटरीवरून डायरेक्ट.

शेवटी स्वतःच मीटर घेऊन बसलो. तो नेहमीचा पिवळा स्वस्तातला मल्टिमीटर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, १० नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल सैल केलं आणि मीटर मायनस पोस्ट आणि मायनस केबलच्या मध्ये सिरीजमध्ये लावला. ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवलं कारण फ्यूज बॉक्स स्टिअरिंगच्या खाली, पण दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते लॉक झाल्यासारखं फिरवून ठेवलं म्हणजे गाडीला वाटतं दार बंद आहे आणि आतला दिवा विझतो. किल्ली घरात. सुरुवातीला करंट २ अँपिअरच्या वर होता, मग हळूहळू उतरत अर्ध्या तासाने ०.४२ वर आला आणि तिथेच बसला. तासाभराने पण ०.४२. मी वाचलंय त्याप्रमाणे सगळं झोपल्यावर ०.०५ च्या आत पाहिजे. ०.४ धरला तरी दिवसाला साडेनऊ एएच गेले, ३५ ची बॅटरी चौथ्या दिवशी रिकामी होणारच, हिशोब तंतोतंत जुळतो.

मग फ्यूज काढायला सुरुवात केली. स्टिरिओचा आणि रूम लॅम्पचा फ्यूज एकच आहे, तो काढल्यावर ०.४२ चे ०.४० झाले. बस, तेवढंच. आतले बाकीचे सगळे काढून बघितले, आकडा ढिम्म हलत नाही. बॉनेटमधल्या बॉक्समधले छोटे फ्यूज काढले, रिले काढल्या, हॉर्नची रिले काढली, तरी ०.४०. सगळे फ्यूज बाहेर, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले, आणि मीटरवर ०.४० तसाच. अर्थिंगचा घोळ असेल का? उंदराने वायर कुरतडली असेल का (आमच्या बेसमेंटमध्ये आहेत, मांजराएवढे)? पुढे कुठे बघू?

डोंबिवलीफास्ट लिहितात:
०.४२ म्हणजे १२ व्होल्टवर ५ वॅट, आणि ५ वॅटचा बल्ब डिकीत असतो. डिकी बंद केली तरी दिवा चालूच राहतो, स्विच दबत नाही, आमच्याकडे हेच होतं. ग्लव्ह बॉक्सचा पण बघा.

धागाकर्ता:
आकडा मलाही तसाच वाटला होता म्हणून मोबाईल रेकॉर्डिंगला लावून डिकीत ठेवून डिकी बंद केली, आत मिट्ट काळोख. आणि तो दिवा रूम लॅम्पच्याच फ्यूजवर आहे, तो काढून फरक पडला नाही म्हणजे सुटला तो.

सुखी_माणूस लिहितात:
एवढं कशाला, रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवा. प्रश्न संपला.

घाटातली_बस लिहितात:
@सुखी_माणूस, कसा संपला? दिवसाला साडेनऊ एएच जातायत, दहा मिनिटं आयडलिंगवर त्यातला फारच थोडा भाग परत येणार, आणि त्यातला पण काही सेल्फ मारण्यात गेला. शिवाय बेसमेंटमध्ये धूर. बाहेर काढून अर्धा-पाऊण तास चालवली तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ते, एक सुचवतो. फ्यूज उपटताना कधीकधी एखादा मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) परत जागा होतो आणि आकडा फसवतो. फ्यूज न काढता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांच्यावर दोन्ही टोकं टेकवा. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ०.४ जात असेल तर तीनेक मिलिव्होल्ट दिसतात, शून्य आला तर तिथून काही जात नाही. मात्र त्या वेळी बॅटरी जोडलेली हवी.

ऑटोवायरमन लिहितात:
उशीर झाला, गावाला होतो. दादा, तुम्ही उत्तराच्या दारात उभे आहात. सगळे छोटे फ्यूज बाहेर आणि करंट चालूच, मग उरलं काय? जे छोट्या फ्यूजमधून जातच नाही ते. सेल्फची जाड केबल, अल्टरनेटरची जाड वायर, आणि बॅटरीच्या प्लसवर कुणी वरून लावलेल्या वायरी. हॉर्नची रिले तुम्ही काढली, पण रिलेपर्यंत येणारी वायर प्लसवर आहेच, ती कुठे बॉडीला घासत नाही ना एकदा बघून घ्या. सेल्फ सहसा असं थोडं थोडं खात नाही. राहिला अल्टरनेटर.

१४.१ आले म्हणून अल्टरनेटर ओके, हे अर्धंच खरं. तो आकडा सांगतो की चार्जिंग होतंय. गाडी बंद असताना आत काय चाललंय ते सांगत नाही. अल्टरनेटर एसी (दिशा बदलत राहणारा करंट) तयार करतो, आतली डायोडची प्लेट त्याचं डीसी (एकाच दिशेचा करंट) करते आणि त्याच डायोडनी बॅटरीतला करंट उलटा आत येऊ द्यायचा नसतो. डायोड किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) लीक झाला की गाडी चालू असताना चार्जिंग झकास आणि बंद केली की बॅटरी अल्टरनेटरमध्ये उतरते. आणि ही वायर मेन फ्यूजवरून येते, तो बोल्टने कसलेला असतो, हाताने निघत नाही, म्हणून फ्यूज काढणाऱ्याला तो सापडत नाही.

पहिली टेस्ट बिनमीटरची. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी चालू न करता अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हात लावा आणि मग इंजिनच्या दुसऱ्या एखाद्या ॲल्युमिनियमच्या भागाला लावा. बाकी इंजिन गार आणि हा कोमट म्हणजे चोर सापडला. लीक कमी असेल तर कळत नाही, पण तुमच्याकडे पाचेक वॅट जातायत, कळायला हरकत नाही.

दुसरी खात्रीची. मायनस टर्मिनल आधी पूर्ण काढा, मगच अल्टरनेटरमागचं रबरी टोपण सरकवून जाड वायरचा नट काढा. मायनस जोडलेलं असताना तिथे पाना फिरवला आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, पाना वेल्डिंग होऊन चिकटतो, मी बघितलंय. बाजूचा प्लास्टिकचा छोटा कपलर पण काढा. वायरचं टोक इन्सुलेशन टेपने नीट गुंडाळा. मग मायनसमध्ये मीटर लावून परत अर्धा तास थांबा. या काळात चुकूनही सेल्फ मारू नका, दाबला तर मीटर गेला.

हॉर्न आणि स्टिरिओवाल्यांना तोवर शिव्या घालू नका.

धागाकर्ता:
ऑटोवायरमन दादा, साष्टांग दंडवत. सकाळी हात लावला, व्हॉल्व्ह कव्हर गारढोण आणि अल्टरनेटरचा मागचा भाग स्पष्ट कोमट. बायकोला पण हात लावायला लावला, म्हटलं मला भास तर होत नाहीये ना, ती म्हणाली कोमट आहे आणि पोहे गार होतायत.

मग मायनस काढून जाड वायर सोडवली. नट गंजलेला होता, डब्ल्यूडी (गंज सोडवणारा स्प्रे) फवारून अर्धा तास ठेवावा लागला. टेप गुंडाळली, मीटर लावला. सुरुवातीचा नाच झाला आणि मग उतरत उतरत ०.०२ वर येऊन थांबला. ०.०२! वायर परत जोडून बघितली, परत ०.४२. म्हणजे स्टिरिओचा वाटा तेवढ्या ०.०२ चाच.

आता पुढचं विचारतो. प्लेट बदलून घेऊ की अख्खा अल्टरनेटर? गॅरेजवाला अर्थातच अख्खा म्हणतोय. आणि शनिवारी साताऱ्याला जाणं गरजेचं आहे, तसाच चालवला तर चालेल का? चालू गाडीवर मीटर एसीवर ठेवून रिपल (डीसीत उरलेला एसीचा अंश) बघतात असं एका व्हिडिओत होतं, मी बघितलं तर २९ आले, हे काय प्रकरण?

ऑटोवायरमन लिहितात:
२९ विसरा. त्या पिवळ्या मीटरची एसी रेंज डीसी अडवत नाही, १४ व्होल्टच्या बॅटरीवर लावला तरी दुप्पट आकडा दाखवतो. चांगल्या मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. पण तुमचं निदान झालंय, आता रिपल बघून काही वेगळं कळणार नाही.

अख्खा बदलायची गरज वाटत नाही. बेअरिंग आवाज करत नसेल तर डायोड प्लेट आणि रेग्युलेटर दोन्ही बदलून घ्या, उघडलाच आहे तर कार्बन (आतले ब्रश) पण बघायला सांगा. मल्टीब्रँड गॅरेजपेक्षा फक्त सेल्फ-अल्टरनेटरचं काम करणारा वायरमन गाठा, पुण्यात नाना पेठेच्या बाजूला चौकशी केलीत तर मिळेल. जुनी प्लेट मागून घ्या आणि नवी बसल्यावर पैसे द्यायच्या आधी तिथेच मीटर लावून बंद गाडीचा करंट मोजायला लावा. तो परत चालू गाडीचे १४ दाखवेल, त्यावर समाधान मानू नका.

साताऱ्याला जायला हरकत नाही, चार्जिंग होतंय तोवर गाडी चालेल. शक्यतो दिवसा जा, हेडलाईट, एसी, वायपर सगळं एकदम लावून लांबचा प्रवास नको, लीक झालेला डायोड लोडवर पूर्ण जाऊ शकतो. बॅटरीचा लाल दिवा लागला तर एसी बंद करा आणि जवळच्या गावात थांबा, खंबाटकीत शिरू नका.

आणि प्लेट बसेपर्यंत गाडी उभी केली की मायनस काढून ठेवा. घड्याळ आणि स्टिरिओचं सेटिंग जाईल, ते जाऊ द्या. मात्र मायनस काढल्यावर सेंट्रल लॉक चालत नाही, रिमोट दाबून उपयोग नाही, तेव्हा दारं किल्लीने लॉक करा आणि बॉनेट आपटण्याआधी किल्ली खिशात आहे ना ते बघा.