बीएस-६ डिझेलला १५डब्ल्यू-४० ऑइल चालेल का?

घाटवाट, चिपळूण
सेकंडहँड घेतलेली डिझेल एसयूव्ही आहे, २०२१ चं मॉडेल. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ असं लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, कोकणात कुठे बर्फ पडतो, १५डब्ल्यू-४० टाकू, सगळ्या जीपना तेच घालतो. अधूनमधून कुंभार्ली चढून कराडला जातो, बाकी फिरणं गावातल्या गावात. ऐकू का त्याचं?

कोयनाकाठ, कराड
दादा, माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. बर्फाचं तो बरोबर बोलतोय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा: ५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. चिपळूणला दोन्ही चालतील.

अडचण सी३ ची आहे; तो ऑइलचा दर्जा आहे, जाडी नाही. तुमच्या गाडीला डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच साचत जाते. सी३ ऑइलमध्ये सल्फेटेड अ‍ॅश, म्हणजे हीच राख, ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही. जुन्या जीपना घालतात त्या सीआय-४ दर्जाच्या ऑइलला राखेची अशी मर्यादाच नाही. गाडी त्यावरही मस्त पळेल, म्हणून तर लोक फसतात. फिल्टर तुंबल्यावर जो खर्च येतो, त्यापुढे ऑइलच्या डब्यात वाचलेले पैसे काहीच नाहीत. कृपा करून सी३ च घाला.

घाटवाट
डब्यावर फक्त ५डब्ल्यू-३० असेल तर?

कोयनाकाठ
तेवढ्यावर घेऊ नका. पेट्रोल गाड्यांचं एसपी दर्जाचं ऑइलही ५डब्ल्यू-३० मध्येच मिळतं. मागच्या लेबलवर सी३ शोधा, सील तुमच्यासमोर फोडायला लावा, ऑइल फिल्टरही नवा टाका.

पेठेतला
भर घालतो. गावातल्या गावात फिरताना डीपीएफची सफाई, म्हणजे काजळी जाळणं, अर्धवट राहते आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी कमी होतेय का हे सगळे बघतात, वाढतेय का हेही बघा. मॅक्सच्या वर गेली तर किलोमीटर पुरे व्हायची वाट न बघता ऑइल बदला.

कोयनाकाठ
अगदी बरोबर. दादा, डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करू नका. मॅन्युअलमध्ये दिलंय तसं हायवेला एका वेगात चालवा, दिवा विझेपर्यंत.