हृदयकृमीची चाचणी निगेटिव्ह आली तरी
कुत्र्याला हृदयकृमी (डासांमुळे पसरणारा, हृदयात वाढणारा जंत) होऊ नये म्हणून दर महिन्याला द्यायची गोळी दोन महिने चुकली, पण चाचणी निगेटिव्ह आली, तेव्हा आता काळजी नाही, असे काही जण म्हणतात; मला ते धोक्याचे वाटते. नेहमीच्या रक्तचाचणीत पूर्ण वाढलेल्या मादी जंताचे प्रतिजन (जंतापासून रक्तात येणारे प्रथिन) सापडते, आणि डासाच्या चाव्यातून शिरलेली अळी त्या अवस्थेला पोहोचायला साधारण ६ महिने लागतात, म्हणून गोळी चुकल्याच्या काळातला संसर्ग आजच्या अहवालात दिसूच शकत नाही. पशुवैद्यांना विचारून गोळी लगेच सुरू करावी आणि ६ महिन्यांनी चाचणी न विसरता पुन्हा करावी. शिवाय ही गोळी पुढचे डास अडवत नाही, मागच्या महिन्याभरात शिरलेल्या अळ्या मारते. त्यामुळे डास दिसेनासे झाले तरी त्यानंतरची मात्रा चुकवू नये.